पहिले तीस दिवस मोफत

"लोटसहिल! हा लोटसहिल कोण? शालन, तू काही मागवलंस काय?"

आमच्या ह्यांनी क्रेडिट कार्डाचं बिल दोन बोटांत असं धरलं होतं, जसा मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात. सकाळचे नऊ वाजले होते. चहा गार होत होता.

"मी काय मागवणार? मला ते कार्ड कुठल्या अंगानं सरकवतात तेसुद्धा ठाऊक नाही."

"मग चौदाशे अडुसष्ट रुपये गेले कुठं? आणि डॉलरमधनं गेलेत, डॉलरमधनं! आपलं कोण आहे अमेरिकेत?"

"तुम्हीच मोबाइलवर दिवसभर कुस्त्या बघता. बघता बघता बोट पडलं असेल कुठंतरी."

"कुस्त्यांना पैसे पडत नाहीत."

"मागच्या महिन्याचं बिल काय म्हणतंय?"

"मला काय माहीत? बिलं आक्का बघते."

आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला. "असेल रे बाळू, बँकेची कसली तरी फी. भरून टाक आणि मोकळा हो."

मी हातातली बशी खाली ठेवली.

ही गोष्ट दोन हजार पंधरा सालच्या मार्च महिन्यातली. आमचं गाव तासगावजवळचं. घरात आम्ही तिघंच. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मी पोस्टातून. बत्तीस वर्षं मी रजिस्टर पत्रांच्या खिडकीमागं बसले. तिसऱ्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नाव मुक्ता. लग्नानंतर दोनच वर्षांनी नवरा अपघातात गेला आणि एकोणतिसाव्या वर्षी त्या माहेरी आल्या, त्या आल्याच. पुढं शिक्षिका होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं. रस्त्यानं निघाल्या की चाळिशीची माणसंसुद्धा विडी मागं लपवायची.

अशी ही बाई. कोथिंबिरीच्या जुडीत दोन काड्या कमी वाटल्या तर परत बाजारात जाणारी. ती म्हणते, भरून टाक आणि मोकळा हो?

घरातली सगळी बिलं वन्संच मोबाइलवरून भरायच्या. ज्येष्ठ नागरिक संघानं वर्ग काढला होता, तिथं जाऊन त्या सगळं शिकल्या. लाइटबिल, फोन, गॅस. ह्यांच्या कार्डाचा नंबर त्यांना तोंडपाठ. कार्डाचे मेसेज ह्यांच्या जुन्या फोनवर यायचे आणि तो फोन भरलेल्या पोत्यासारखा असायचा, कुणी उघडून बघायचं नाही. बिलाचं पाकीट आलं की वन्सं आधी घ्यायच्या. या खेपेला पाकीट ह्यांच्या हाती पडलं, कारण आठच दिवसांपूर्वी वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा आणि डॉक्टरांची ताकीद, की अजून आठ दिवस मोबाइलला हात लावायचा नाही.

मी ह्यांना म्हटलं, "द्या ते इकडं. मी बघते."

मी तेव्हा बिलाकडं बघितलंच नाही. मी बघितलं ते स्वयंपाकघरातल्या डब्याकडं. घरखर्चाचे पैसे मी रिकाम्या हिंगाच्या डब्यात ठेवते. पाच महिने झाले, तो डबा सरत नव्हता. मला वाटायचं, आपणच जपून खर्च करतोय. स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली होती मी.

दुपारी जेवणं झाल्यावर हे लवंडले. मी वन्संना हाताला धरून गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत नेलं. माझ्या भावानं बेदाणा पाठवला होता, तो निवडायला मी सुपात घेतला. वन्संना निवडता येत नव्हतं, म्हणून त्या नुसत्या शेजारी बसल्या.

"वन्सं," मी म्हटलं, "डब्यात पैसे कोण टाकतंय?"

"कुठल्या डब्यात?"

"हिंगाच्या."

"मला काय विचारतेस? मला दिसतंय का काही?"

"आज दिसत नाही. पाच महिने दिसत होतं."

काळ्या चष्म्यामुळं त्यांचे डोळे मला दिसत नव्हते, पण हनुवटी दिसत होती. ती थरथरायला लागली. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

"बाळूला सांगणार नाहीस?"

"आधी मला तर कळू दे."

त्यांनी कमरेचा मोबाइल काढून माझ्या सुपात टाकला. बेदाण्यात. "उघड. गुलाबी चौकोन आहे बघ, शेवटच्या रांगेत. हसलीस तर याद राख."

गुलाबी चौकोनावर लिहिलं होतं: सायंसोबत. बोट लावल्यावर आत एक म्हातारं जोडपं बाकावर पाठमोरं बसलेलं. खाली अक्षरं. 'उत्तरायुष्यात जोडीदार हवा? पहिले तीस दिवस मोफत.'

मी हसले नाही. वन्सं तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या.

"कार्डाचा नंबर नुसता ओळख पटवायला हवा म्हणून लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "एक रुपयाही कापणार नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. छापलेलं होतं शालन! मी दहादा वाचलं."

"आणि खाली बारीक काही?"

"खाली बारीक होतं. मोतीबिंदूनं बारीक कुठलं दिसतंय?"

मी ते बारीक वाचलं. माझ्या चष्म्यानंसुद्धा फोन नाकाला लावावा लागला. एकतिसाव्या दिवसापासून लोटसहिल कंपनीला दर महिन्याला बावीस डॉलर. रद्द केलं नाही तर आपोआप.

"आलं का कुणी? म्हणजे, जोडीदार?" मी भीत भीत विचारलं.

"एक आला. साताऱ्याचा, बँकेतून निवृत्त म्हणे. रोज संध्याकाळी लिहायचा, जेवलात का? आज काय केलं होतं? मी सांगायची, मेथी केली, मुगाची आमटी केली. छान वाटायचं गं. या घरात मला जेवलात का असं कोण विचारणार? मीच वाढते ना तुम्हा दोघांना. तीस दिवस झाल्यावर एकदा म्हणाला, मला मेथी फार आवडते. मग काहीही सांगितलं तरी तेच. पंधरा दिवसांनी मी मुद्दाम लिहिलं, आज फक्त खडे शिजवलेत. तर पुन्हा तेच. मला फार आवडते. तेव्हा कळलं. पलीकडं माणूसच नाही."

आता मात्र मला हसू आवरलं नाही. त्याही हसल्या, आणि हसता हसता चष्म्याखाली बोट घालून डोळे पुसायला गेल्या. मी त्यांचा हात धरला. "डोळ्याला हात लावायचा नाही!"

"मग बंद का नाही केलंत?" मी विचारलं.

"केला की फोन. पाचदा केला. म्हणतात, कार्ड ज्याचं त्याच्याशी बोलायला द्या. म्हणजे बाळूशी! आता सांग, काय करू? पासष्टाव्या वर्षी भावापुढं उभी राहून सांगू, मी नवरा शोधत होते, तुझ्या कार्डावर? त्यापेक्षा दरमहा पेन्शनीतून भरेन. मरेपर्यंत भरेन."

"सांगा तो नंबर," मी म्हटलं.

नंबर लागला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक तरुण आवाज आला, तोंडात साखर घोळवत. "नमस्कार, सायंसोबतमध्ये आपलं स्वागत आहे, मी रोहित बोलतोय."

"रोहित, मला हे बंद करायचंय."

"ओह मॅडम! आपण आम्हाला सोडून जाताय? काही चूक झाली का आमची? मी आपल्याला तीन महिने अर्ध्या दरात देऊ शकतो."

"अर्ध्यात नको, फुकटात नको. बंद करा."

"मॅडम, त्यासाठी कार्डहोल्डर सर लागतील."

"पैसे घेताना लागले नाहीत ते? तेव्हा विचारलंत, सर कुठायत म्हणून?"

"मॅडम, ती आमची पॉलिसी आहे."

"बरं, तुमचा पत्ता सांग. मी रजिस्टर पत्र पाठवते."

"मॅडम, आम्ही ऑनलाइन आहोत."

"ऑनलाइन असलास तरी झोपायला कुठंतरी जात असशील ना?"

वन्संनी पदर तोंडाशी धरला. तिकडं रोहितला, बिचाऱ्याला, असलं कुणी शिकवलं नसणार. मग पुन्हा बासरी वाजायला लागली आणि फोन कटला.

मी म्हटलं, "आता बँकेला."

बँकेच्या फोनवरच्या बाई मात्र नीट बोलल्या. सांगितलं, कार्ड बंद करून नवीन घ्या म्हणजे पुढचं कापणं थांबेल. गेलेल्या पैशांसाठी तक्रारीचा अर्ज भरा, पण फार दिवस घालवू नका, जुन्या रकमांची दाद लागत नाही. आणि दोन्हीला कार्डधारकाची सही लागेल. स्वतः येऊन.

"बघ," वन्सं म्हणाल्या. "पुन्हा बाळूच."

"मग बाळूला सांगायचं."

"नाही."

"वन्सं, आमच्या पोस्टात पूर्वी व्ही.पी.नं पार्सलं यायची. टक्कल घालवायचं तेल, नाही तर असलंच कसलं गुप्त औषध. माणूस खिडकीवर पैसे भरायचा, कोपऱ्यात जाऊन उघडायचा, आत लाल पाणी. एकानं म्हणून तक्रार केली नाही बत्तीस वर्षांत. अर्जावर लिहायचं काय? कशाचं औषध मागवलं होतं ते? लबाड माणसाचं निम्मं भांडवल आपली लाज असते. तो तिच्यावरच दुकान चालवतो."

"भाषण छान झालं. मुख्याध्यापिका मी होते की तू?" वन्संनी मान फिरवली. मग एकदम वळून म्हणाल्या, "तूच कर ना. त्याची सही घे. लाइटबिलाचं काही आहे म्हण. तो बघतोय कुठं, कुठंही सही करतो. बँकेत तर नुसता खुर्चीवर बसेल. शालन, एवढं कर माझ्यासाठी."

खरंच सोपं होतं ते. ह्यांनी आयुष्यात मी पुढं केलेला कागद कधी वाचला नाही. दहा मिनिटांचं काम. वन्संची अब्रू वन्संपाशी, आणि मी घरात थोडी मोठी झाले असते. मी सूप खाली ठेवलं.

"नाही करणार," मी म्हटलं.

"का?"

"मी एकदा पाठीमागून केलंय. तुमच्याच बाबतीत. पुन्हा नाही करणार."

"माझ्या बाबतीत? काय केलंस?"

तेहतीस वर्षं मी हे वाक्य मनात घोळवत होते. कधी सुनेच्या तोंडून सुरू करायची, कधी पोस्टातल्या बाईच्या. त्या दिवशी गच्चीवर ते कसं निघालं, मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता आणि तो लांब जाईपर्यंत मी थांबले.

"कणसे गुरुजींनी पत्र पाठवलं होतं," मी म्हटलं.

कणसे गुरुजी म्हणजे हायस्कूलचे चित्रकलेचे मास्तर. विधुर. एकोणीसशे ब्याऐंशी साली ते आपल्या मामांना घेऊन आमच्या घरी आले आणि वन्संना मागणी घातली. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमचे मामंजी, म्हणजे वन्संचे वडील, पुढच्या सोप्यात बसले होते, हे शेजारी मान खाली घालून, आणि आम्ही दोघी दाराआड. मामंजी म्हणाले, आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होत नाही. पाहुण्यांनी चहाला तोंडही लावलं नाही. पुढच्याच महिन्यात गुरुजींची बदली जतला झाली.

"बदलीनंतर आठ-दहा दिवसांनी तुमच्या नावानं रजिस्टर पत्र आलं. पाठीमागं त्यांचं नाव. मामंजींना कुठून सुगावा लागला होता कुणास ठाऊक. त्यांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, मास्तराचं पत्र आलं तर ते या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मी कच्ची होते वन्सं. नवीन सून, नवीन नोकरी. पोस्टमन पत्र घेऊन निघत होता, मी त्याला म्हटलं, आमच्याच घरचं आहे, मी बघते. आणि त्यावर लिहिलं, घेण्यास नकार. शिक्का मारला आणि परत लावलं."

ऊन वन्संच्या पायाच्या बोटांवर आलं होतं, तरी पाय आत घेतला नाही.

"माझ्या नावाचं?"

"तुमच्या नावाचं."

"म्हणजे लिहिलं होतं त्यांनी."

"हो."

"मला म्हणाले होते," वन्सं स्वतःशीच बोलावं तशा बोलल्या. "शाळेच्या फाटकापाशी. घरचे नाही म्हणाले तर मी तुम्हाला लिहीन, तुमचं उत्तर तुम्ही द्या. मी वर्षभर वाट बघितली. मग म्हटलं, सुटला असेल माणूस. मनावरून उतरले असेन मी. तेहतीस वर्षं मी असं धरून चालले शालन, की मी एका पत्राच्याही लायकीची नव्हते."

"वन्सं..."

"सहा वर्षांपूर्वी गेले ते. पेपरात वाचलं मी." त्या उठल्या. "म्हणजे लिहिलं होतं."

मी हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि भिंत चाचपत एकट्या जिना उतरल्या. मी तिथंच बसून राहिले. बेदाण्यातल्या काड्या काढायच्या सोडून मी चांगला बेदाणाच काढून टाकत होते, ते मागाहून लक्षात आलं.

चार वाजता मी खाली आले तर वन्सं सोप्यात उभ्या. हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर चांगली इस्त्रीची साडी, शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा नेसायच्या तशी.

"बाळू, पेपर ठेव."

ह्यांनी पेपर ठेवला. लहानपणापासूनची सवय.

"तो लोटसहिल मी आहे."

"अं?"

"मोबाइलवर लग्न जुळवायचं एक ठिकाण आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी. पहिले तीस दिवस मोफत होतं. मी नाव नोंदवलं. नंबर तुझ्या कार्डाचा दिला. ते लबाड निघाले. पाच महिने कापतायत. बंद करायला तू बँकेत यायला हवंस. पैसे मी तुझ्या घरखर्चाच्या डब्यात टाकलेत, ते विचारू नकोस."

हे आधी माझ्याकडं बघायला लागले, मग वन्संकडं, मग पुन्हा माझ्याकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

"आक्का," शेवटी ते म्हणाले, "तुला आमच्यात करमत नाही का?"

"करमतं रे. तुझी बायको चांगली आहे." ते वाक्य बोलताना वन्संचा आवाज जरासा अडखळला, पण त्यांनी ते पुरं केलं. "पण करमणं वेगळं आणि सोबत वेगळी. तुला नाही कळणार, तुला ती आहे."

ह्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"आबा नाही म्हणाले तेव्हा," हे म्हणाले, "मी पण काही बोललो नाही."

"नाही बोललास. चटईची काडी उपसत बसला होतास."

"तू बघितलंस?"

"दाराच्या फटीतून चटईच दिसत होती."

ह्यांनी मान हलवली. मग घसा खाकरून म्हणाले, "बँक दहाला उघडते ना? सही कुठं करायची ते तूच दाखव. मला आता बारीक दिसत नाही." आणि मग, उठता उठता, "कुणी बरा मिळाला होता का गं त्यात?"

"माणूस नव्हता तो. मशीन होतं."

"मग बरं झालं. मशीनला आमची मेथी कुठली पचणार?" हे म्हणाले. त्यांना मेथीचं काही ठाऊक नव्हतं. वन्सं अशा हसल्या, की त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसावं लागलं.

पत्राचं त्यांनी ह्यांना सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी मीच सांगितलं. हे त्या दिवशी न जेवता बाहेर पडले आणि मला त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. पेन्शनीचे दिवस असल्यानं गर्दी होती. खुर्च्यांवर, भिंतीला टेकून, सगळे आमच्याच वयाचे. तक्रारीच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. तिनं कार्ड बंद केलं, अर्ज काढला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, मी तुमची विद्यार्थिनी. चौथीत होते. आपण असं लिहू या का, की हा व्यवहार आम्हाला माहीतच नाही? सोपं पडेल. तुम्हाला बाकीचं काही सांगायला नको."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वन्संकडं. काळ्या चष्म्यात त्या कुठं बघत होत्या ते कळत नव्हतं.

"खोटं लिहायचं?" वन्सं म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "नाही. मला व्यवहार माहीत आहे. जोडीदार शोधायला मी स्वतः नाव नोंदवलं होतं. तीस दिवस मोफत म्हणाले आणि नंतर कापत राहिले. मी पाच वेळा फोन करून बंद करायला सांगितलं, त्यांनी केलं नाही. असं लिही. जोडीदार हा शब्द ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून."

रांगेतल्या माना आमच्याकडं वळल्या.

मुलगी लाल झाली, पण पेन उचललं. "सांगितलं होतं त्याच्या तारखा आहेत का?"

वन्संनी पिशवीतून वही काढली. पाची फोनांची तारीख, वेळ, पलीकडच्या माणसाचं नाव, तो काय म्हणाला ते. मुख्याध्यापिकेची हजेरीच ती. मुलीचा चेहरा खुलला. "मग तर हे जास्त पक्कं आहे, बाई. हे जोडते मी."

तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं. बाजारपेठेतले वाणी, शहाकाका, ऐंशीच्या घरातले. "मुक्ताबाई," ते म्हणाले, "माझे पण कापतात. गुडघ्याचं तेल. नुसता टपालखर्च म्हणाले होते."

"किती महिने?"

"वर्ष झालं. मुलाला सांगितलं नाही. म्हणेल, आता तुमच्याकडचं कार्ड काढून घेतो."

"या इकडं," वन्सं म्हणाल्या. "बसा. मुली, यांना पण अर्ज दे."

मग खिडकीपाशी उभी असलेली एक बाई पुढं आली. तिचं रोजचं राशिभविष्य होतं. तिच्या मागं कुणी एक निवृत्त फौजदार. त्यांचं कसलं होतं ते त्यांनी मुलीच्या कानातच सांगितलं. एक वाजेपर्यंत वन्सं तिथं बसल्या होत्या आणि एकेकाला तारखा आठवायला लावत होत्या. हे सगळ्यांसाठी चहा सांगून आले.

पाचांतल्या तीन महिन्यांचे पैसे अडीच महिन्यांनी परत आले. पहिल्या दोन महिन्यांचे मुदतीबाहेर गेले होते.

या सगळ्या दिवसांत वन्सं माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मीठ दे. नळ आला. चष्मा कुठं आहे. वाईट बोलल्या नाहीत, चांगलंही बोलल्या नाहीत. मी तक्रार केली नाही. तेहतीस वर्षांपुढं अडीच महिने काहीच नाहीत.

जून लागता लागता त्यांनी एक दिवस छापील पत्रक माझ्यापुढं ठेवलं. सांगलीला ज्येष्ठांचा परिचय मेळावा होता. खरा, सभागृहातला, प्रवेशाची पावती देणारा. नाव, वय, फोटो, सगळं त्यांनी आधीच स्वतःच्या अक्षरात भरून पाठवलं होतं.

"बाळू म्हणतो मी येतो," त्या म्हणाल्या. "तो नको. तो प्रत्येकाला जात आणि पेन्शन विचारत बसेल. तू चल."

सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. त्यांचा काळा चष्मा एव्हाना सुटला होता. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि द्राक्षांच्या बागा मागं पडत होत्या. कवठेएकंद गेलं तरी एक शब्द नाही. मला वाटलं, आता सांगलीपर्यंत असंच.

"शालन," त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "ते पत्र. पाकीट कसं होतं?"

"खाकी. लांबट."

"अक्षर?"

"काळ्या शाईचं. तुमचं नाव जरा मोठं काढलं होतं. 'मु'चा उकार खाली वेलीसारखा वळवलेला."

"चित्रकलेचे मास्तर," त्या म्हणाल्या. पुढचा प्रश्न विचारावा की नाही, असं त्यांच्या बोटांवरून वाटलं. पिशवीच्या बंदाला त्या पीळ देत होत्या. "जाड होतं का गं?"

मी बत्तीस वर्षांत लाखभर पत्रं हाताळली असतील. त्यातल्या एकाचं वजन मी कधी विसरले नाही.

"जाड होतं वन्सं. नेहमीच्या तिकिटात मावलं नव्हतं. वजनाची जादा तिकिटं लावावी लागली होती त्यांना."

"म्हणजे बरंच लिहिलं असणार."

"बरंच."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून छोटा आरसा काढला, केस सारखे केले, आणि आरसा माझ्या हातात देत म्हणाल्या, "तूपण बघ जरा. टिकली सरकली आहे तुझी. लोक म्हणतील, बरोबर कुणाला आणलंय."